फुताबाचे नगराध्यक्ष आणि स्फोटापूर्वीचे पंचवीस तास

१२ मार्च २०११. दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पात पहिल्या अणुभट्टीची इमारत हायड्रोजनच्या स्फोटाने फुटली. शेजारच्या फुताबा गावात तेव्हा रुग्णांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढण्याचे काम चालू होते. ते करणारी माणसे उघड्यावर उभी होती आणि त्यांच्यात नगराध्यक्ष कात्सुताका इदोगावाही होते.

पुढच्या दोन वर्षांत त्यांच्याच नगरपरिषदेने त्यांच्यावर एकमताने अविश्वास दाखवला. शेजारच्या गावांचे प्रमुख, प्रांताचे सरकार, केंद्र सरकार, सगळ्यांशी त्यांचे बिनसले. जपानच्या स्थानिक राजकारणात एवढ्या छोट्या गावाच्या प्रमुखाविषयी इतके वाद क्वचितच झाले असतील. या सगळ्या वादांचे मूळ भूकंप आणि स्फोट यांमधल्या पंचवीस तासांत आहे, असे मला ठामपणे वाटते. अणुभट्टीत काय बिघडले हे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. आत काय बिघडते आहे हे गावाच्या प्रमुखाला केव्हा कळले आणि केव्हा कळायला हवे होते, हे तासातासाने तपासायला हवे.

त्याआधीची वर्षे

दाइइची प्रकल्प दोन गावांच्या हद्दीवर आहे. १ ते ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या ओकुमा गावात, ५ आणि ६ फुताबात. फुताबाची वस्ती जेमतेम ७,००० होती. १९७४ च्या कायद्यांनी वीजप्रकल्प पत्करणाऱ्या गावांना सरकारी अनुदान मिळू लागले, शिवाय अणुभट्टीवरचा मालमत्ता कर होताच. गावात सभागृहे, रस्ते, सोयीसुविधा झाल्या. गावातल्या रस्त्यावर कमान उभी राहिली. अणुऊर्जा ही उज्ज्वल भविष्याची ऊर्जा आहे, अशा अर्थाची तिच्यावरची घोषणा एका शाळकरी मुलाने सुचवली होती.

या पैशाला मुदत असते. अणुभट्टी जुनी होते तसे तिचे करमूल्य घटते आणि अनुदानही आटते. बांधलेल्या इमारतींचा खर्च आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. मग नवी अणुभट्टी मागण्यावाचून गत्यंतर उरत नाही. फुताबाच्या नगरपरिषदेने १९९१ मध्ये ७ आणि ८ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांची मागणी केली. २००२ मध्ये टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने, म्हणजे टेप्कोने, तपासणीच्या नोंदींत फेरफार केल्याचे उघड झाले तेव्हा ही मागणी गोठवली गेली आणि २००७ मध्ये पुन्हा पुढे आली.

इदोगावा २००५ च्या अखेरीस निवडून आले तेव्हा गावाची तिजोरी कर्जाने वाकली होती. व्यवसायातून राजकारणात आलेल्या या माणसाने खर्चाला कात्री लावली आणि नव्या अणुभट्ट्यांच्या मागणीची धुराही वाहिली. ते अणुऊर्जेचे विरोधक नव्हते. पुढे त्यांनी घेतलेली भूमिका समजून घेताना हे ध्यानात ठेवायला हवे. प्रकल्प सुरक्षित आहे, असे सांगणाऱ्यांवर त्यांनी विश्वास ठेवला होता. टेप्कोच्या आतल्या हिशेबात मात्र २००८ मध्येच १५.७ मीटर उंचीच्या त्सुनामीची शक्यता निघाली होती. तो आकडा बाजूला ठेवला गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये, आपत्तीच्या महिनाभर आधी, चाळिशीला आलेल्या पहिल्या अणुभट्टीला आणखी १० वर्षे चालवण्याची परवानगीही मिळाली.

११ मार्च, दुपारी २.४६ (स्फोटाला २४ तास ५० मिनिटे)

९.० तीव्रतेचा भूकंप. चालू असलेल्या १, २ आणि ३ क्रमांकाच्या अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या. ४, ५ आणि ६ देखभालीसाठी आधीच बंद होत्या. बाहेरून येणारी वीज तुटली आणि आपत्कालीन डिझेल जनित्रे सुरू झाली. अणुभट्टी बंद झाली तरी इंधनकांड्या तापतच राहतात, त्यांना सतत पाणी लागते. पाण्यासाठी पंप आणि पंपासाठी वीज. प्रकल्पाची सारी सुरक्षितता आता या जनित्रांवर होती.

गावात घरे पडली होती, रस्ते खचले होते. नगरपालिकेपुढे ही एक आपत्ती होती. दुसरी सुरू झाल्याची चाहूल तिथे कुणालाच नव्हती.

दुपारी ३.३७ (२३ तास ५९ मिनिटे)

त्सुनामीची मोठी लाट प्रकल्पावर आली. सुमारे ६ मीटरच्या लाटेचा अंदाज धरून व्यवस्था केली होती. १ ते ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांची जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटरवर होती. लाट १४-१५ मीटरपर्यंत चढली. तळघरातली जनित्रे आणि विजेच्या जोडणीचे फलक पाण्याखाली गेले. पहिल्या अणुभट्टीच्या बॅटऱ्याही गेल्या, नियंत्रण कक्ष अंधारात बुडाला आणि मोजमापाचे काटे मेले.

फुताबाच्या हद्दीतल्या ५ आणि ६ क्रमांकाच्या अणुभट्ट्या थोड्या उंचावर होत्या. तिथले हवेने थंड होणारे एक जनित्र वाचले आणि त्या एका यंत्रावर दोन्ही अणुभट्ट्या तगल्या. गावाने स्वतःच्या हद्दीत पत्करलेल्या अणुभट्ट्यांनी गावाला दगा दिला नाही. संकट हद्दीपलीकडून आले. निर्णयाचे सारे अधिकार हद्दीत मोजायचे आणि धोका वाऱ्यावर सोडायचा, या व्यवस्थेतली चूक इथेच उघडी पडते.

दुपारी ४.३६ (२३ तास)

पहिल्या आणि दुसऱ्या अणुभट्टीत पाणी जाते आहे की नाही, हे सांगता येत नाही, असा निष्कर्ष टेप्कोने काढला. नऊ मिनिटांनी, ४.४५ ला, कायद्याप्रमाणे सरकारला तसे कळवले. जपानी कायद्यातली ही सर्वांत गंभीर सूचना. ती टोकियोला पोहोचली. ज्या गावांवर हे संकट कोसळणार होते, तिथे लोक पडझड आवरत होते आणि किनाऱ्याकडच्या माणसांची चौकशी करत होते.

संध्याकाळी ५.५० (२१ तास ४६ मिनिटे)

पहिल्या अणुभट्टीला थंड ठेवणारी एक व्यवस्था विजेविना चालू शकणारी होती. ती चालू आहे का हे पाहायला एक कर्मचारी इमारतीकडे गेला, पण दाराशीच किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणाचा काटा वाढलेला दिसला आणि तो परत फिरला. आपत्ती-केंद्रातले वरिष्ठ ती व्यवस्था चालू आहे असे धरून चालले. प्रत्यक्षात ती जवळपास बंद होती. टेप्कोने नंतर केलेल्या विश्लेषणानुसार सहाच्या सुमारास इंधनकांड्या पाण्याबाहेर उघड्या पडू लागल्या आणि सातच्या आत वितळण्याची प्रक्रिया सुरू झाली. स्फोटाला अजून वीस तास होते, अणुभट्टी मात्र संध्याकाळीच हातची गेली होती.

संध्याकाळी ७.०३ (२० तास ३३ मिनिटे)

पंतप्रधान नाओतो कान यांनी अणु-आणीबाणी जाहीर केली. मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव युकिओ एदानो यांनी पत्रकारांना सांगितले की बाहेर किरणोत्सर्ग झालेला नाही, घाबरून बाहेर पडण्याची गरज नाही.

रात्री ८.५० ते ९.२३ (१८ तास १३ मिनिटे)

फुकुशिमा प्रांताच्या सरकारने केंद्राची वाट न पाहता २ किलोमीटरच्या आतल्या लोकांना हलवायला सांगितले. अर्ध्या तासाने केंद्राचा आदेश निघाला: ३ किलोमीटर रिकामे करा, १० किलोमीटरपर्यंतच्यांनी घरात थांबा.

जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने नंतर रहिवाशांना विचारले, तेव्हा कळले की रात्री ९.२३ ला आदेश निघाला त्या वेळी प्रकल्पाशेजारच्या गावातल्या फक्त २० टक्के लोकांना अपघाताची माहिती होती. इतके दिवस ज्या प्रकल्पाच्या नावाने कमानी उभारल्या, सहली नेल्या, त्याच प्रकल्पात बिघाड झाला तेव्हा पाचांतल्या चौघांपर्यंत बातमीच गेली नाही.

नियंत्रण कक्षात याच सुमाराला कर्मचारी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणत होते, त्या मोजमापाच्या तारांना जोडत होते आणि विजेरीच्या उजेडात काटे वाचत होते. ९.१९ ला काट्याने इंधनकांड्यांच्या वर २० सेंटिमीटर पाणी दाखवले. तो आकडा चुकीचा होता, पण वरचे सगळे निर्णय त्याच्यावर बेतले गेले.

रात्री ११.५० (१५ तास ४६ मिनिटे)

छोटे जनित्र जोडल्यावर पहिल्या अणुभट्टीच्या पोलादी कोठीतला दाब वाचता आला. तो ६०० किलोपास्कल होता, कोठीच्या मर्यादेपेक्षा जास्त. सारा घोळ आता ध्यानात आला. प्रकल्पप्रमुख मासाओ योशिदा यांनी मध्यरात्री १२.०६ ला कोठीतली वाफ बाहेर सोडण्याची तयारी करायला सांगितले. कोठी फुटण्यापेक्षा किरणोत्सर्गी वाफ थोडी सोडणे बरे, असा तो निर्णय होता. तांत्रिक दृष्टीने तो बरोबरच होता. पण ती वाफ सोडण्याआधी खालच्या वस्तीतली माणसे निघालेली असायला हवी होती. पहाटे २.३० ला दाब ८४० झाला तेव्हा फुताबातली बहुतेक माणसे आदेशाप्रमाणे घरात थांबलेली होती.

१२ मार्च, पहाटे ५.४४ (९ तास ५२ मिनिटे)

१० किलोमीटर रिकामे करण्याचा आदेश. म्हणजे अख्खे फुताबा.

इदोगावांच्या हातात आता ७,००० माणसे, खचलेले रस्ते आणि गावभर लावलेले ध्वनिक्षेपक एवढेच होते. कुठे जायचे हे आदेशात नव्हते. त्यांनी वायव्येकडचे, सुमारे ४५ किलोमीटरवरचे कावामाता गाव ठरवले. ध्वनिक्षेपकांवरून सगळ्यांना निघायला सांगितले. डोंगरातून जाणाऱ्या ११४ क्रमांकाच्या रस्त्यावर फुताबा, नामिए आणि आजूबाजूच्या गावांच्या गाड्यांची रांग लागली. एरवीच्या तासाभराच्या वाटेला कित्येक तास लागले. चार दिवसांत घरी येऊ, या हिशेबाने लोक निघाले होते.

किरणोत्सर्ग कुठल्या दिशेला जाईल याचा अंदाज बांधणारी संगणकीय यंत्रणा जपान सरकारकडे होती. तिचे निष्कर्ष गावांपर्यंत आले नाहीत. तीन दिवसांनी सर्वांत दाट किरणोत्सर्ग वायव्येलाच गेला, इइताते गावावरून कावामाताच्या दिशेने. नगराध्यक्षांनी ज्या दिशेला माणसे नेली, तीच दिशा. ही खंत त्यांनी पुढे कधीच सोडली नाही.

सकाळी ७.११ (८ तास २५ मिनिटे)

पंतप्रधान हेलिकॉप्टरने प्रकल्पावर उतरले. वाफ सोडायला उशीर का, असे त्यांनी योशिदांना विचारले. ८.०४ ला ते परतले.

सकाळी ९.०४ (६ तास ३२ मिनिटे)

ओकुमातल्या जवळच्या वस्तीतले लोक निघाल्याची खातरजमा झाली आणि कर्मचारी हाताने व्हॉल्व्ह उघडायला अणुभट्टीत शिरले. पहिल्या जोडीने एक व्हॉल्व्ह चतुर्थांश उघडला. दुसरी जोडी वाढत्या किरणोत्सर्गामुळे अर्ध्या वाटेतून मागे आली. फुताबात मात्र रुग्णालय आणि वृद्धाश्रम अजून रिकामे झाले नव्हते.

दुपारी २.३० (१ तास ६ मिनिटे)

कॉम्प्रेसर लावून दुसरा व्हॉल्व्ह उघडला आणि कोठीतला दाब उतरला. वाफ बाहेर पडली. प्रकल्पाच्या दृष्टीने दिवसातली ही पहिली चांगली बातमी होती.

दुपारी ३.०० (३६ मिनिटे)

या एका नोंदीपाशी जरा थांबू. फुताबाच्या कामिहातोरी भागात, प्रकल्पापासून ५.६ किलोमीटरवर, किरणोत्सर्ग मोजणारे केंद्र होते. त्याने तीन वाजता ताशी १,५९० मायक्रोसिव्हर्ट इतकी नोंद केली. सर्वसामान्य माणसासाठी वर्षभराची मर्यादा १,००० मायक्रोसिव्हर्ट आहे. म्हणजे वर्षाचा वाटा तासाभरात ओलांडला गेला आणि तोही स्फोटाच्या आधी. गावावर किरणोत्सर्ग आला तो स्फोटामुळे, असेच सगळे धरून चालले होते. खरे तर तो आधीच येऊन पोहोचला होता. ही नोंद प्रांताच्या सरकारने जाहीर केली २०१२ मध्ये. त्या क्षणी ती नगराध्यक्षांच्या कानावर असती, तर उघड्यावर उभ्या माणसांना निदान आडोशाला नेता आले असते.

दुपारी ३.३६

फुताबा कोसेइ रुग्णालयातल्या काही रुग्णांना फुताबा हायस्कूलच्या मैदानावरून लष्करी हेलिकॉप्टरने नेले जात होते. इदोगावा रुग्णालयाच्या परिसरात लोकांना वाहनांत बसवत होते. त्यांनी नंतर अनेक ठिकाणी सांगितले आहे ते असे: एक दबका धक्का ऐकू आला आणि काही मिनिटांत आकाशातून पांढरट, कापसासारखे तुकडे संथपणे खाली येऊ लागले. इमारतीच्या आच्छादनाचे ते तुकडे लोकांच्या अंगाखांद्यावर पडले. काय पडते आहे हे तिथे बहुतेकांना कळले नाही. त्यांना कळले. आता सगळे संपले, असे त्या क्षणी त्यांच्या मनात आले.

सरकारने २० किलोमीटरचा आदेश काढला तो संध्याकाळी ६.२५ ला.

नंतरचे वाद

यापुढे इदोगावांनी वरून येणाऱ्या शब्दावर विसंबणे सोडले. किरणोत्सर्गी आयोडिनपासून बचाव करणाऱ्या गोळ्या गावकऱ्यांना देण्याचा निर्णय घेणाऱ्या मोजक्या गावांत फुताबा होते. आदेशाची वाट पाहिली नाही. १९ मार्चला ते गावकऱ्यांना घेऊन थेट टोकियोजवळच्या साइतामात गेले. आधी एका भव्य क्रीडासंकुलात, मग महिनाअखेरीस काझो शहरातल्या बंद पडलेल्या शाळेत. वर्गांच्या फरशीवर सुमारे १,४०० माणसे राहिली. आपले कार्यालय फुकुशिमा प्रांताबाहेर नेणारे हे एकमेव गाव.

वाद इथूनच पेटला. निम्मे गाव प्रांतातच राहिले होते. आपला नगराध्यक्ष दूर बसून कारभार करतो, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. मग दूषित माती साठवण्याच्या जागेचा प्रश्न आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये परिसरातल्या गावांच्या प्रमुखांनी पाहणीला संमती दिली, त्या बैठकीला इदोगावा गेलेच नाहीत. परतण्यासाठी त्यांनी तात्पुरती ३० वर्षांची मुदत मांडली, वर्षाला १,००० मायक्रोसिव्हर्टची जुनी मर्यादा आपल्याच लोकांसाठी सैल का करायची, असे विचारत राहिले. डिसेंबरमध्ये अविश्वास ठराव एकमताने संमत झाला. त्यांनी नगरपरिषद बरखास्त केली, पण महिन्याभरात राजीनामा जाहीर केला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये पद सोडले. शिरो इझावा नवे नगराध्यक्ष झाले, कार्यालय फुकुशिमातच इवाकी शहरात गेले.

२०१४ मध्ये ‘ओइशिनबो’ या गाजलेल्या चित्रकथेत इदोगावांनी नाकातून रक्त येण्याचा संबंध किरणोत्सर्गाशी जोडला. सरकार, प्रांत आणि तज्ज्ञांनी तो फेटाळला. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीलाही किरणोत्सर्गामुळे लोकांच्या प्रकृतीवर ठळक परिणाम दिसलेला नाही, आणि याबाबतीत मी त्या समितीचेच मानतो. स्थलांतराच्या हालअपेष्टांनी मात्र फुकुशिमात २,३०० हून अधिक माणसे दगावली, तेव्हा लोकांना दूर ठेवण्याचीही किंमत असतेच. नाकातल्या रक्ताबद्दल इदोगावांचे चुकले असेल. कार्यालय परत आणायला त्यांनी उशीर केला असेल. पण ज्या माणसाला गावावर पडलेला आकडा दीड वर्षाने कळतो, त्याने ‘आता सुरक्षित आहे’ या वाक्यावर विश्वास का ठेवावा, याचे उत्तर त्यांच्या एकाही टीकाकाराला द्यावे लागले नाही. फुताबात पुन्हा राहायला परवानगी मिळाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, तीही गावाच्या छोट्या भागापुरती.

हे सगळे आपल्या दाराशी आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. उकळत्या पाण्याच्या त्याच जातीच्या, त्याच जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या तंत्राच्या, फुकुशिमाच्या पहिल्या अणुभट्टीहून दीड वर्षाने जुन्या. राजापूर तालुक्यात माडबनला जैतापूर प्रकल्पाची जमीन संपादन झाली. फुकुशिमानंतर सव्वा महिन्याने, १८ एप्रिल २०११ ला, साखरी नाट्यात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक जण मेला. तिथली चर्चा तेव्हाही जमिनीचा भाव, नोकऱ्या आणि मासेमारी याभोवती फिरली. ते प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण प्रकल्पाशेजारच्या प्रत्येक सरपंचाने, प्रत्येक नगराध्यक्षाने आणखी तीन गोष्टी लेखी मागायला हव्यात. मोजणी केंद्राचा आकडा गावाच्या कार्यालयात त्याच क्षणी दिसला पाहिजे. वाफ सोडण्याआधी गाव रिकामे झाल्याचा होकार गावाच्या प्रमुखाकडून घेतला पाहिजे. आणि वाऱ्याची दिशा सांगणारा नकाशा मंत्रालयात पोहोचतो तेव्हाच तो ग्रामपंचायतीतही पोहोचला पाहिजे. या तिन्ही गोष्टींना फार पैसा लागत नाही. फुताबाकडे त्या नव्हत्या, म्हणून एका सरळमार्गी नगराध्यक्षाला आपल्या माणसांना किरणोत्सर्गाच्याच वाटेने न्यावे लागले.